ताओवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताओवादाचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न परत परत येतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्याकडून अवघडाकडे. एक गोष्ट आधीच सांगते. या परंपरेतलं 'ताओ-ते-चिंग' हे पाच हजार अक्षरांचं एक छोटं पुस्तक जगभर इतकं लाडकं झालं आहे की त्याच्याआड जवळजवळ एकोणीसशे वर्षांचा जिवंत धर्म झाकला जातो. मला दोन्हींबद्दल आस्था आहे, म्हणून उत्तरांत दोन्ही येतील.

१. ताओ म्हणजे नेमकं काय?

साधा अर्थ वाट. चिनी शहरांत रस्त्यांच्या नावांत हा शब्द आजही दिसतो. अक्षर दोन भागांचं आहे: एक भाग चालण्याची खूण, दुसरा डोकं. याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे 'सांगणं'. 'ताओ-ते-चिंग'ची पहिली ओळ या दोन अर्थांवरच उभी आहे: सांगता येईल तो ताओ कायमचा ताओ नव्हे. मूळ ओळ सहा अक्षरांची आणि त्यातली तीन अक्षरं 'ताओ'च. ही गंमत कुठल्याच भाषांतरात उतरत नाही.

तत्त्व म्हणून ताओ म्हणजे सगळं जिथून उमलतं, ज्या रीतीने चालतं आणि जिथे परत जातं ते. या पुस्तकातला ताओ हुकूम सोडत नाही, कुणाची फिर्याद ऐकत नाही. पंचविसाव्या अध्यायात ग्रंथकर्ता सरळ म्हणतो की याचं नाव मला ठाऊक नाही, काहीतरी म्हणायचं म्हणून ताओ म्हणतो. त्याच अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की माणूस जमिनीच्या चालीने चालतो, जमीन आकाशाच्या, आकाश ताओच्या आणि ताओ 'त्सु-रान'च्या. या शेवटच्या शब्दाचा अर्थ 'स्वतःहून तसं'. भाषांतरकार इथे बहुधा 'निसर्ग' लिहितात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे डोंगर-झाडं येतात. मराठीत यापेक्षा नेमका शब्द तयार आहे: आपसूक.

२. 'ताओ' बरोबर की 'दाओ'? आणि थाय-चीमधलं 'थाय' म्हणजे ताओच ना?

मराठी माणसाने 'ताओ' म्हणावं. इंग्रजी लिपीत हा शब्द कधी 'ट'च्या तर कधी 'ड'च्या अक्षराने लिहितात, कारण त्या भाषेला त आणि थ वेगळे लिहिता येत नाहीत. आपल्याला येतात. चिनी उच्चारात घोष नाही आणि हकारही नाही, म्हणजे तो आपल्या 'त'च्या अगदी जवळचा आहे.

'थाय-ची'मधला ध्वनी मात्र थ आहे आणि शब्दही वेगळा. तिथे 'थाय' म्हणजे परम आणि 'ची' म्हणजे टोक किंवा आढं. श्वास, प्राण या अर्थाचा शब्द 'छी' आहे, 'ची' नाही. व्यायामाच्या वर्गांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

'ताओ-ते-चिंग'चा कर्ता म्हणून ज्याचं नाव सांगतात त्या लाओ-त्सुमधल्या 'त्सु'ची सुरुवात चूल, चूक या शब्दांतल्या आपल्या 'च'सारखी होते.

३. लाओ-त्सु खरंच होऊन गेला का?

खात्रीने 'हो' म्हणता येत नाही. आपल्याकडे असलेलं सर्वांत जुनं चरित्र इतिहासकार सिमा छ्येन याने इ.स.पू. १०० च्या सुमारास लिहिलं. त्यात तो म्हणतो की लाओ-त्सु छू राज्यातला, आडनाव ली, नाव अर, आणि चौ राजांच्या दफ्तरखान्यात नोकरीला. तरुण कन्फ्यूशियस त्याला भेटायला गेला आणि परत आल्यावर शिष्यांना म्हणाला की पक्षी, मासे, जनावरं मला समजतात, पण वारा नि ढगांवर स्वार होऊन आकाशात जाणारा ड्रॅगन मला कळत नाही, आज मी लाओ-त्सुला पाहिलं, तो ड्रॅगनसारखा आहे. पुढे राज्याची उतरती कळा पाहून लाओ-त्सु पश्चिमेला निघाला. खिंडीवरच्या नाकेदाराने, यिन शीने, त्याला अडवून विनंती केली की जाण्याआधी काहीतरी लिहून द्या. त्याने पाच हजार अक्षरं लिहून दिली आणि गेला. पुढे तो कुणाला दिसला नाही.

मला या चरित्राबद्दल आदर वाटतो तो याच्या पुढच्या भागामुळे. सिमा छ्येन तिथेच नोंदवतो की काहींच्या मते हा लाओ-त्सु म्हणजे लाओ-लाय-त्सु नावाचा दुसराच माणूस, तर काहींच्या मते शंभराहून जास्त वर्षांनंतरचा तान नावाचा एक दरबारी इतिहासकार. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही नक्की माहिती नव्हती आणि लिहिणाऱ्याने ते लपवलं नाही. 'लाओ-त्सु' हे नावही खरं तर नाव नाही, त्याचा अर्थ 'म्हातारे गुरुजी' असा होतो.

४. मग ताओ-ते-चिंग लिहिलं कुणी आणि कधी?

आज बहुतेक अभ्यासक ते अनेक हातांतून घडलेलं संकलन मानतात. याचा पुरावा जमिनीखालून आला. १९७३ साली हूनान प्रांतात मावांगत्वेइ इथल्या एका कबरीत रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. ती कबर इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली. या प्रतींत पुस्तकाचे दोन भाग उलट्या क्रमाने आहेत, 'ते'चा भाग आधी आणि 'ताओ'चा नंतर. पुढे १९९३ साली हूपेइ प्रांतात क्वोत्येन इथे बांबूच्या पट्ट्या निघाल्या, इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या. त्यांवर आजच्या पुस्तकातला निम्म्याहून कमी मजकूर आहे, आणि तोही वेगळ्या क्रमाने. म्हणजे त्या काळी हा मजकूर फिरत होता, पण त्याला आजचा आकार आलेला नव्हता.

आजच्या प्रतीत ८१ छोटे अध्याय आहेत, पहिले ३७ ताओचे, उरलेले 'ते'चे. 'ते' म्हणजे ताओ एखाद्या वस्तूत उतरला की तिच्यात येणारं सत्त्व. औषधी मुळीला 'गुण' असतो म्हणतात, त्या अर्थाने. 'चिंग' म्हणजे प्रमाणग्रंथ.

५. ताओवादाची सुरुवात नेमकी कधी धरायची?

तुम्ही कशाला ताओवाद म्हणता त्यावर आहे. ग्रंथांपासून मोजाल तर इ.स.पू. चौथं-तिसरं शतक. तो युद्धमान राज्यांचा काळ होता, लहानमोठी राज्यं एकमेकांना गिळत होती, आणि 'जगावं कसं, राज्य करावं कसं' हे सांगत विचारवंत दरबारोदरबार फिरत होते. लाओ-त्सुचा ग्रंथ आणि च्वांग-त्सु (इ.स.पू. चौथं शतक) हे त्या धामधुमीतले आवाज आहेत. त्यांनी स्वतःला 'ताओवादी' म्हटलेलं नाही. तो गट नंतरच्या ग्रंथसूचीकारांनी पाडला.

संघटित धर्म म्हणून मोजाल तर इ.स. १४२. त्या वर्षी सध्याच्या सिच्वान प्रांतातल्या एका डोंगरावर चांग ताओ-लिंग याला देवरूप झालेल्या लाओ-त्सुने दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे. त्याने स्थापलेल्या पंथाला 'स्वर्गीय गुरूंचा मार्ग' म्हणतात. घरटी पाच मापं तांदूळ वर्गणी असे, म्हणून लोकांत नाव पडलं 'पाच माप तांदूळवाले'. या पंथात आजारी माणसाला शांत खोलीत बसवून आपल्या चुका आठवायला सांगत. मग त्याचं नाव आणि पश्चात्ताप तीन कागदांवर लिहीत. एक डोंगरावर ठेवायचा, आकाशासाठी. एक जमिनीत पुरायचा. एक पाण्यात सोडायचा. रस्त्यांवर धर्मशाळा होत्या, तिथे वाटसरूंसाठी तांदूळ आणि मांस ठेवलेलं असे आणि ज्याने त्याने भुकेपुरतं घ्यायचं. त्या पडत्या काळात हा पंथ लोकांना का जवळचा वाटला असेल ते यातून समजतं. चांग ताओ-लिंगचा नातू चांग लू याने त्या मुलखाचा कारभारही पाहिला आणि इ.स. २१५ मध्ये तो सेनापती त्साव त्सावला शरण गेला.

६. वू-वेई म्हणजे काहीच करायचं नाही का?

शब्दशः अर्थ 'न करणं', आणि सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. उत्तरासाठी च्वांग-त्सुच्या ग्रंथातला तिंग नावाचा खाटीक-आचारी पाहा. तो राजासमोर बैल सोलतो आहे. हात लागतो, खांदा टेकतो, पाय रोवला जातो, गुडघा दाबला जातो, आणि सुरीचा आवाज एखाद्या जुन्या नृत्याच्या ठेक्यासारखा येतो. राजा थक्क होऊन कसबाची तारीफ करतो. तिंग सुरी खाली ठेवून म्हणतो, मला कसबापेक्षा ताओची आवड आहे. सुरुवातीला मला समोर नुसता बैल दिसायचा. तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला. साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, कारण तो तोडतो. चांगला आचारी वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. माझी सुरी एकोणीस वर्षांची आहे, हजारो बैल झाले, आणि धार आत्ताच सहाणेवरून आल्यासारखी. सांध्यांमध्ये फट असते, पात्याला जाडी नसते. जाडी नसलेलं फटीत घातलं तर फिरायला हवी तेवढी जागा.

पुढचं वाक्य लोक गाळतात आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिंग म्हणतो की तरीही एखादी गुंतागुंतीची जागा आली की मी सावध होतो, नजर स्थिर करतो, हात मंद करतो, सुरी किंचित हलवतो, आणि मांस मातीचं ढेकूळ पडावं तसं सुटून पडतं.

म्हणजे वू-वेईच्या मागे एकोणीस वर्षांची मेहनत आहे. काम होतं, जोरजबरदस्ती होत नाही. पोहणाऱ्याला, तबला वाजवणाऱ्याला, भाकरी थापणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

७. हे गीतेतल्या निष्काम कर्मासारखंच झालं ना?

जवळचं आहे, एक नाही. दोन्हींत कर्म सोडून पळायला सांगितलेलं नाही आणि दोन्हींत 'मी'ची पकड सैल होते. पण गीतेचा भर फळावरचा हक्क सोडण्यावर आहे. कर्तव्य ठरलेलं आहे, अर्जुनाला लढायचं आहे, आणि कर्म ईश्वराला अर्पण करता येतं. वू-वेईत प्रश्न कृती कशी घडते याचा आहे, आणि अर्पण घ्यायला कुणी नाही.

शिवाय च्वांग-त्सु ठरलेल्या कर्तव्यालाच हात घालतो. तो फू नदीवर मासे धरत बसलेला असताना छू राज्याचे दोन अधिकारी प्रधानपदाचं बोलावणं घेऊन येतात. तो वळूनही बघत नाही. म्हणतो, तुमच्या राजाकडे तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या पवित्र कासवाचं कवच पेटीत जपलंय म्हणे. त्या कासवाला काय आवडलं असतं, पेटीत पुजलं जाणं की चिखलात शेपूट ओढत जगणं? चिखलात, असं अधिकारी म्हणतात. मग जा, मीही चिखलातच बरा.

८. ताओ म्हणजे आपलं ब्रह्मच नाही का?

दोन्ही शब्दांत न मावणारे, दोन्ही सगळ्याच्या मुळाशी. साम्य इथपर्यंत आहे. अद्वैतात ब्रह्म न बदलणारं आणि बदलणारं जग माया. ताओवादात बदल हाच ताओचा चेहरा आहे, जग खोटं नाही.

फुलपाखराची गोष्ट मायेचा पुरावा म्हणून हमखास पुढे केली जाते. च्वांग-त्सुला आपण फुलपाखरू झाल्याचं स्वप्न पडलं. जाग आल्यावर त्याला कळेना की आपण फुलपाखरू झालेले च्वांग, की च्वांग झालेलं फुलपाखरू. इथे गोष्ट थांबवली तर ती मायेची वाटते. पण मूळ मजकुरात पुढे आहे की च्वांग आणि फुलपाखरू यांच्यात काहीतरी फरक असलाच पाहिजे, आणि यालाच वस्तूंचं रूपांतर म्हणतात. फरक राहतो, एकातून दुसरं होणंही राहतं.

९. यिन-यांग ताओवादाचंच ना?

सगळ्या चिनी विचाराचं आहे. मूळ अर्थ डोंगराची सावलीची आणि उन्हाची बाजू. वैद्य, ज्योतिषी, कन्फ्यूशियसचे अनुयायी सगळे ते वापरत. ताओ-ते-चिंगमध्ये हे शब्द जोडीने एकदाच येतात, बेचाळिसाव्या अध्यायात. काळ्या-पांढऱ्या माशांसारखं ते प्रसिद्ध वर्तुळ त्या ग्रंथानंतर हजाराहून जास्त वर्षांनी रूढ झालं.

१०. ताओवादी देव मानतात का?

मानतात, भरपूर. 'ताओवाद हे देव नसलेलं तत्त्वज्ञान आहे' हे फक्त पुस्तक वाचलेल्यांचं मत आहे. सर्वोच्च स्थानी 'तीन शुद्ध' आहेत, आणि त्यांतला तिसरा म्हणजे देवरूप लाओ-त्सु. त्यांच्या खाली जेड सम्राट, ज्याचा दरबार पृथ्वीवरच्या चिनी दरबारासारखाच खात्यांत वाटलेला आहे. मग नगरदेव, चुलीचा देव, समुद्रावरच्यांची माझू, अष्ट अमर. यांतले बरेच आधी लोकदेव होते, नंतर ताओवादात आले.

मग पहिल्या प्रश्नातल्या निराकार ताओचं काय? पुरोहिताच्या दृष्टीने यात विरोध नाही. देव हे ताओतून आकाराला आलेल्या शुद्ध 'छी'ची रूपं आहेत. आपल्याकडे निर्गुणाचे अभंग आणि सगुण विठ्ठल एकाच तोंडी नांदतात. वारकऱ्याला हे पचायला जड जाऊ नये.

११. ताओवादी व्हायचं तर दीक्षा घ्यावी लागते का?

सामान्य भाविकाला नाही. तो देवळात उदबत्ती लावतो, घरच्या कार्याला पुरोहित बोलावतो, आणि बुद्धाच्या देवळातही जातो. दीक्षा पुरोहितांना आणि मठवासीयांना असते.

आज दोन मोठ्या शाखा आहेत. 'चंग-ई' ही चांग ताओ-लिंगच्या वंशपरंपरेतली, मुख्य स्थान च्यांगशी प्रांतातला लुंग-हू डोंगर. हे पुरोहित संसारी असतात. 'छ्वान-चन' ही वांग छुंग-यांग (१११३–११७०) याने स्थापलेली, मठात राहणारी, ब्रह्मचारी, शाकाहारी. तिचं प्रमुख केंद्र बीजिंगमधला श्वेतमेघ मठ. बौद्ध भिक्षू मुंडण करतात, ताओवादी साधू केस वाढवून डोक्यावर अंबाडा बांधतो, त्यावरून दुरूनही ओळखू येतो. मिंग काळात १४४५ साली छापलेल्या त्यांच्या धर्मग्रंथसंग्रहात सुमारे पंधराशे ग्रंथ आहेत, आणि ताओ-ते-चिंग हा त्यांतला एक.

१२. यांची 'तीन रत्नं' कोणती? प्रत्येक ठिकाणी वेगळी यादी दिसते.

कारण तिन्ही याद्या खऱ्या आहेत. सदुसष्टाव्या अध्यायातली रत्नं आचरणाची: माया, काटकसर आणि जगात पुढेपुढे न करणं. यातल्या पहिल्या शब्दात आईच्या मायेची छटा आहे आणि पुढे लगेच म्हटलंय की माया आहे म्हणूनच शूर होता येतं. देहसाधनेतली रत्नं म्हणजे वीर्यसत्त्व, छी आणि चैतन्य. मठात शरण जायची रत्नं म्हणजे ताओ, ग्रंथ आणि गुरू. ही शेवटची यादी बुद्ध-धम्म-संघाच्या धर्तीवर बेतलेली आहे.

१३. अमर होण्याचं औषध शोधणारे ते हेच का? मृत्यूबद्दल यांचं म्हणणं काय?

इथे परंपरेत दोन सूर आहेत आणि ते जुळवून दाखवायचा खटाटोप मी करणार नाही.

एक सूर च्वांग-त्सुचा. त्याची बायको वारली तेव्हा मित्र हुई-त्सु भेटायला आला, तर हा जमिनीवर पाय पसरून भांडं बडवत गातोय. मित्र संतापला. जिने तुझ्यासोबत जन्म काढला, मुलं वाढवली, तिच्यासाठी रडत नाहीस ते नाहीस, वर गातोस? च्वांग-त्सु म्हणाला, ती गेली तेव्हा मला दुःख झालं नसेल का? मग मी मागे मागे जात विचार केला. जन्माआधी ती नव्हती, देह नव्हता, छीसुद्धा नव्हती. काहीतरी बदललं आणि छी झाली, छीचा देह, देहात जीव, आणि आता पुन्हा बदल. चार ऋतू येतात-जातात तसंच. या गोष्टीत 'मला दुःख झालं नसेल का' हे वाक्य आहे, म्हणून ती मला निर्दय वाटत नाही.

दुसरा सूर अमरत्वाचा. हिंगूळ, पारा, गंधक यांची रसायनं करून खाणारे खरोखर होते आणि त्यांत माणसं मेली. थांग सम्राट वू-त्सुंग इ.स. ८४६ मध्ये अशाच गुट्यांच्या नादात गेला. याच भट्ट्यांजवळ गंधक, मनशीळ, सोरा आणि मध एकत्र तापवल्याने हात-तोंड भाजलं आणि घर जळालं, अशी सूचना नवव्या शतकाच्या सुमारास लिहिली गेली. बंदुकीच्या दारूची ती अगदी सुरुवातीची खूण. पुढे भट्टीची जागा शरीराने घेतली आणि ध्यान-श्वासाची 'आतली किमया' वाढली. छ्वान-चन पंथाचा छ्यू छूची सत्तरी उलटल्यावर चीनमधून प्रवास करत १२२२ साली हिंदुकुशात चंगीझखानाला भेटला. खानाने अमर होण्याचं औषध मागितलं. त्या म्हाताऱ्याने उत्तर दिलं की आयुष्य जपायचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. चंगीझखानाला तोंडावर असं सांगायला काय लागत असेल!

१४. कन्फ्यूशियसशी यांचं वैरच का?

ग्रंथांत टोकदार मतभेद आहेत. अडतिसावा अध्याय म्हणतो की ताओ हरवला की 'ते' येतं, ते हरवलं की माणुसकीची शिकवण, ती हरवली की न्यायनीती, आणि तीही हरवली की उरतो शिष्टाचार. कन्फ्यूशियसचा भर जिथे, ती ही शेवटची पायरी. पण जगताना चिनी माणसाने दोन्ही ठेवले. कचेरीत एक, निवृत्तीत आणि चित्रकलेत दुसरा.

१५. लाओ-त्सुच भारतात येऊन बुद्ध झाला, असं वाचलं. खरं का?

नाही. पश्चिमेला गेलेला लाओ-त्सु पुढे दिसला नाही (प्रश्न ३), त्या रिकाम्या जागेत ही कथा वाढली. इ.स. ३०० च्या सुमारास वांग फू नावाच्या ताओवाद्याने त्यावर ग्रंथच रचला, की लाओ-त्सुने भारतात जाऊन परकीयांना शिकवलं आणि बौद्ध धर्म त्यातून निघाला. बौद्धांनी अर्थातच आक्षेप घेतला आणि हा वाद शतकानुशतकं चालला. १२८१ साली कुब्लाईखानाने ताओ-ते-चिंग सोडून बाकीचे ताओवादी ग्रंथ जाळायचा हुकूम दिला, त्यामागे या वादाचाच धागा होता. उलट बाजूने, वर आलेल्या वू-त्सुंग सम्राटाने ८४५ मध्ये हजारो बौद्ध मठ पाडले. दोन्ही बाजूंना जखमा आहेत.

१६. मग भारताशी खराखुरा संबंध काहीच नाही?

आहे, आणि तो फार सुंदर आहे. कामरूपचा, म्हणजे आसामचा, राजा भास्करवर्मन याने चिनी दूताकडे लाओ-त्सुच्या ग्रंथाचं संस्कृत भाषांतर मागितलं. थांग सम्राटाने इ.स. ६४७ मध्ये ते काम सोपवलं ह्युएन त्संगाकडे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला, दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन करणारा तोच हा ह्युएन त्संग. आपल्याकडे येऊन जाऊन त्याला जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. सोबत ताओवादी पंडित बसवले होते आणि पहिल्याच शब्दावर गाडी अडली. 'ताओ'ला संस्कृतात काय म्हणायचं? ताओवाद्यांना हवा होता 'बोधि'. ह्युएन त्संग म्हणाला, बोधि म्हणजे जाग, ताओ म्हणजे 'मार्ग'. आणि तो हटला नाही. ते भाषांतर आज उपलब्ध नाही, भांडणाची नोंद मात्र चिनी ग्रंथांत राहिली.

१७. महाराष्ट्रात ताओवादी देऊळ आहे का?

निव्वळ ताओवादी म्हणता येणार नाही, पण मुंबईत माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला, १९१९ साली बांधलेलं चिनी देऊळ आहे. ते क्वान यू या सेनापतीचं. तो तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लढाईत पकडला जाऊन मारला गेला आणि निष्ठेचा देव झाला. लोकधर्म, ताओवादी आणि बौद्ध तिघेही त्याला आपला मानतात. बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या हलवून जी बाहेर पडेल तिच्या आकड्यावरून कौल घेण्याची रीत अशा देवळांत असते. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतली चिनी वस्ती फार घटली. चिनी नववर्षाला मात्र तिथे माणसं जमतात. गेलात तर ते कुणाचं तरी देवघर आहे हे लक्षात ठेवून जा, फोटो विचारून काढा.

१८. फेंगशुई, थाय-ची, अ‍ॅक्युपंक्चर हे सगळं ताओवादी का?

फेंगशुई आणि चिनी वैद्यक हा सगळ्यांचा सामायिक वारसा, यिन-यांगसारखाच (प्रश्न ९). थाय-ची वुतांग डोंगरावरच्या एका ताओवादी साधूने शोधलं अशी दंतकथा आहे. इतिहासात हाती लागणारा माग हनान प्रांतातल्या चन घराण्याच्या गावापर्यंत जातो, सतराव्या शतकात. दुकानातला हसरा लठ्ठ बुद्ध आणि तीन पायांचा बेडूक यांचा लाओ-त्सुशी काही संबंध नाही.

१९. व्हॉट्सअ‍ॅपवर लाओ-त्सुची वचनं येतात. खरी कशी ओळखायची?

अध्याय क्रमांक विचारा. ८१ छोटे अध्याय आहेत, पाच मिनिटांत तपासता येतं. 'उदास असाल तर भूतकाळात जगताय, चिंतेत असाल तर भविष्यात' हे त्यात कुठेच नाही. 'विचारांकडे लक्ष द्या, त्यांचे शब्द होतात' हेही नाही. 'हजार मैलांचा प्रवास' मात्र खरा, अध्याय ६४. फक्त मूळ शब्द 'ली' आहे, जो मैलापेक्षा पुष्कळ लहान, आणि 'पहिलं पाऊल' असं तिथे नाही. तिथे आहे: पायाखालून सुरू होतो.

२०. स्त्रियांना या परंपरेत स्थान आहे का?

ग्रंथात ताओला 'माता' म्हटलंय आणि सहाव्या अध्यायात तो कधी न मरणारी दरी, गूढ मादी आहे. धर्मातही स्त्री-पुरोहित सुरुवातीपासून होत्या. इ.स. ३३४ मध्ये वारलेली वेइ ह्वा-त्सुन पुढे माओ-शान डोंगराशी जोडलेल्या ताओवादी परंपरेत आद्यगुरू मानली गेली. छ्वान-चन पंथाच्या सात सिद्ध साधकांमध्ये सुन पू-अर (१११९–११८२) आहे, आणि तिच्या नावावर स्त्रियांच्या साधनेवरच्या कविता आहेत. म्हणून समाजात समता होती असा अर्थ काढू नये. तशी ती नव्हती.

२१. तिसऱ्या अध्यायात 'लोकांची मनं रिकामी करा, पोटं भरा, त्यांना ज्ञानापासून दूर ठेवा' असं आहे. हे हुकूमशाहीचं पुस्तक नाही का?

प्रश्न योग्य आहे आणि ओळी खऱ्या आहेत. पासष्टावा अध्यायही तसाच. त्या गाळून पुस्तकाचं कौतुक करू नये. हे पुस्तक बऱ्याच अंशी राजाला उद्देशून आहे, आणि त्यावरचं सर्वांत जुनं उपलब्ध भाष्य हान फेइच्या ग्रंथात आहे. हान फेइ म्हणजे कडक कायदा आणि शिक्षेचा पुरस्कर्ता.

पण याच पुस्तकाचा पंचाहत्तरावा अध्याय म्हणतो की लोक उपाशी आहेत, कारण वरचे फार कर खातात. सतराव्यात सर्वांत चांगला राजा तो, जो आहे एवढंच लोकांना ठाऊक असतं, आणि काम पुरं झालं की लोक म्हणतात, हे आमचं आपसूक झालं. हान घराण्याचा वन सम्राट (इ.स.पू. १८०–१५७) याच विचाराच्या छायेत होता. त्याने शेतसारा कमी केला आणि काही क्रूर शारीरिक शिक्षा बंद केल्या. तिसऱ्या अध्यायातलं 'ज्ञान' म्हणजे शहाजोग डावपेच आणि 'मनं रिकामी' म्हणजे हाव कमी, असंही अनेक जुन्या टीकाकारांनी वाचलं आहे. मला ते वाचन पटतं, पण दुसरं वाचन शब्दांत बसत नाही असं मी म्हणणार नाही.

साठावा अध्याय याच वादात उपयोगी पडतो: मोठं राज्य चालवणं म्हणजे छोटे मासे शिजवणं. कोकणात मांदेली तव्यावर टाकणाऱ्याला याचं भाष्य लागणार नाही, सारखं उलथणं फिरवलं की मासा मोडतो. आणि नेमकं हेच भाष्य कडक शिक्षेच्या त्या हान फेइने केलं आहे: मासे सारखे हलवले तर त्यांची रया जाते, आणि मोठ्या राज्याचे कायदे सारखे बदलले तर लोकांचे हाल होतात.